ब्रागांझा घराणे: अनौरस शाखेपासून पोर्तुगालच्या गादीपर्यंत

ज्या राजकन्येच्या विवाहात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले, त्या कॅथरीन ऑफ ब्रागांझाचे माहेरचे घराणे मुळात कोणते, एका अनौरस मुलापासून सुरू झालेली ही शाखा १६४० मध्ये पोर्तुगालच्या गादीवर कशी बसली, हा केवळ दैवयोग होता की दीर्घकाळ जोपासलेली महत्त्वाकांक्षा, आणि गोव्यात आढळणाऱ्या ब्रागांझा या आडनावाचा या राजघराण्याशी काही रक्तसंबंध आहे का, असे प्रश्न पोर्तुगीज-भारतीय इतिहास शिकवताना मला वारंवार विचारले जातात. त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे येथे ती सलग देत आहे.

माझे मत आधीच सांगतो. ब्रागांझा घराण्याच्या उदयात रणांगणावरील पराक्रमाचा वाटा बराच कमी आहे. या घराण्याने आधी जमीन मिळवली, मग सोयरिकी जुळवल्या, त्या सोयरिकींतून गादीवरचा हक्क निर्माण झाला, आणि तो हक्क साठ वर्षे न वापरता जपून ठेवला. प्रत्यक्ष राजपद मात्र त्यांना इतरांच्या गरजेपोटी मिळाले, आणि ते टिकवण्यासाठी त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली. मुंबई हा त्या किमतीचाच एक भाग होता.

सुरुवात १३८५ पासून करावी लागते. १३८३ मध्ये राजा फर्नांदो पुत्राविना वारला आणि त्याच्या मुलीचा पती असलेल्या कास्तीलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधील शेजारच्या राज्याच्या, राजाने पोर्तुगालवर हक्क सांगितला. त्याला विरोध करणाऱ्या पक्षाने आव्हिस या लष्करी धर्मसंघाचा प्रमुख जुआंव याला पुढे केले. हा जुआंव राजा पहिला पेद्रो याचा अनौरस मुलगा होता. एप्रिल १३८५ मध्ये कुईंब्रा येथील कोर्तेश, म्हणजे राज्यातील तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, हिने त्याला राजा म्हणून निवडले आणि १४ ऑगस्टला अल्जुबारोटाच्या लढाईत कास्तीलच्या सैन्याचा पूर्ण पराभव झाला. त्या लढाईचा खरा शिल्पकार होता सेनापती नूनो आल्व्हारेस परेरा. कृतज्ञ राजाने त्याला इतकी वतने दिली की तो राज्यातील सर्वांत मोठा जमीनदार ठरला. बार्सेलोस, औरें आणि आराइओलोस ही तीन काउंटपदे एकट्या त्याच्याकडे होती.

या नूनोला वारस म्हणून एकच मुलगी होती, बेआत्रीझ. राजा जुआंव याला विवाहापूर्वी इनेस पिरेस या स्त्रीपासून झालेला अफोन्सो नावाचा मुलगा होता. १४०१ मध्ये या दोघांचा विवाह झाला, नूनोने जावयाला बार्सेलोसचे काउंटपद आणि उत्तरेकडील विस्तीर्ण जमिनी दिल्या, आणि राजाने त्यात आपल्याकडून भर घातली. ब्रागांझा घराण्याचा पाया हाच विवाह आहे. अनौरस जन्माचा डाग अफोन्सोला फारसा नडला नाही, कारण खुद्द गादीवर बसलेला बापही अनौरसच होता आणि त्याची निवड कोर्तेशने केली होती. या घराण्याच्या पुढील सबंध इतिहासात ही गोष्ट उपयोगी पडली: पोर्तुगालमध्ये राज्याच्या संकटकाळी राजा निवडता येतो, हा दाखला १३८५ मध्ये पडलेला होता. नूनो स्वतः १४२३ मध्ये सर्व सोडून लिस्बनच्या कार्मो मठात साधू म्हणून राहिला आणि १४३१ मध्ये वारला. २००९ मध्ये कॅथलिक चर्चने त्याला संतपद दिले.

अफोन्सोला ‘ब्रागांझाचा ड्यूक’ ही पदवी १४४२ च्या अखेरीस मिळाली. ती देणारा त्याचा सावत्र भाऊ पेद्रो हा त्या वेळी अल्पवयीन राजा पाचवा अफोन्सो याच्या वतीने राज्यकारभार पाहत होता. ब्रागांझा हे ईशान्य पोर्तुगालच्या डोंगराळ त्राज-उश-मोंतेश प्रदेशातले सीमेवरचे गाव, आणि घराण्याला त्याचे नाव लागले तरी पुढच्या ड्यूकांचे खरे बिऱ्हाड तेथे कधीच नव्हते. ज्या पेद्रोने पदवी दिली त्याच्याशी अफोन्सोचे लवकरच बिनसले, तरुण राजाचे मन त्याच्याविरुद्ध कलुषित करणाऱ्यांत अफोन्सो आघाडीवर राहिला, आणि मे १४४९ मध्ये आल्फारोबेइराच्या लढाईत पेद्रो मारला गेला. मला या घराण्याबद्दल आदर आहे, पण त्याच्या इतिहासातील हे प्रकरण कृतघ्नपणाचे आहे, आणि त्याचा लाभ अफोन्सोला जमिनी व अधिकार यांच्या रूपाने झाला हे नाकारता येत नाही.

त्याहून महत्त्वाची होती सोयरिक. अफोन्सोची मुलगी इसाबेल हिचा विवाह राजा जुआंवचा औरस मुलगा, राजपुत्र जुआंव, याच्याशी झाला. या दांपत्याची एक मुलगी कास्तीलची राणी झाली, आणि कोलंबसला पाठवणारी इसाबेला ही तिची लेक. दुसरी मुलगी बेआत्रीझ ही पोर्तुगालचा राजा मानुएल याची आई, आणि याच मानुएलच्या काळात वास्को द गामा कालिकतला पोहोचला. म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस इबेरियाच्या दोन मोठ्या गाद्यांवर पहिल्या ब्रागांझा ड्यूकची पणतवंडे बसलेली होती. ड्यूकांना स्वतःला राजा होण्याची आवश्यकताच उरली नव्हती. ते राजांचे आप्त होते आणि तेवढ्यावर त्यांचे वैभव वाढत होते.

परंतु इतकी मोठी वतनदारी राजसत्तेला खुपणारच. दुसरा जुआंव १४८१ मध्ये गादीवर आला तेव्हा त्याने एव्होरा येथील कोर्तेशमध्ये सरदारांकडून निष्ठेची नवी, अधिक कडक शपथ मागितली आणि त्यांच्या जहागिऱ्यांतील न्यायदानाच्या अधिकारांची चौकशी आरंभली. तिसरा ड्यूक फर्नांदो याने विरोध केला. कास्तीलशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवून त्याला अटक झाली आणि जून १४८३ मध्ये एव्होराच्या भर चौकात त्याचा शिरच्छेद करण्यात आला. घराण्याची सर्व मालमत्ता जप्त झाली, मुले कास्तीलला पळवून नेण्यात आली. फर्नांदो राणीच्या सख्ख्या बहिणीचा पती होता, तरीही त्याला दया मिळाली नाही. पुढच्या वर्षी राजाने राणीचा भाऊ, व्हिझेऊचा ड्यूक दिओगो, याला स्वतःच्या हाताने भोसकले. ब्रागांझा घराणे येथे संपले असते तर कोणालाही नवल वाटले नसते.

ते पुन्हा उभे राहिले ते नातेसंबंधांमुळेच. दुसऱ्या जुआंवचा एकुलता एक औरस मुलगा घोड्यावरून पडून मेला आणि १४९५ मध्ये गादी मानुएलकडे गेली. मानुएल हा भोसकल्या गेलेल्या दिओगोचा धाकटा भाऊ, आणि शिरच्छेद झालेल्या फर्नांदोच्या विधवेचाही भाऊ. त्याने भाचा जाइमे याला परत बोलावून चौथा ड्यूक केले आणि जप्त जमिनी परत दिल्या. स्वतःला मूल नसताना १४९८ मध्ये कास्तीलला जाण्याची वेळ आली तेव्हा त्याने जाइमेलाच वारस ठरवले. तीन वर्षांनी जाइमेने आलेंतेजू प्रांतात, स्पेनच्या सीमेजवळच्या व्हिला व्हिसोझा येथे नवा वाडा बांधायला घेतला. पुढील पिढ्यांनी वाढवलेला आणि संगमरवरी दर्शनी भाग लाभलेला हा वाडा म्हणजे लिस्बनच्या दरबाराची प्रतिकृतीच होती. त्याला स्वतःचे देवघर, गायकवृंद, ग्रंथालय, शिकारीचे राखीव रान आणि मानकऱ्यांची उतरंड होती. हे ऐश्वर्य सांगताना याच जाइमेने १५१२ मध्ये व्यभिचाराच्या संशयावरून आपली पत्नी लेओनोर हिचा याच वाड्यात वध केला, हेही सांगितले पाहिजे. पुढल्याच वर्षी त्याने मोरोक्कोतील आझामोर घेतले आणि ते त्या पातकाचे प्रायश्चित्त होते असे मानण्याची प्रथा आहे.

जाइमेच्या दुसऱ्या विवाहातून झालेला एक मुलगा आपल्या इतिहासाशी थेट निगडित आहे. दों कोंस्तांतीनो द ब्रागांझा १५५८ ते १५६१ या काळात गोव्यात विजरई, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा प्रतिनिधी, होता. त्याने १५५९ मध्ये दमण जिंकले. जाफन्यातून लुटून आणलेला, बुद्धाचा म्हणून पूजला जाणारा दात ब्रह्मदेशातील पेगूच्या राजाने प्रचंड रक्कम देऊ करूनही त्याने परत दिला नाही आणि धर्मगुरूंच्या आग्रहावरून गोव्यात तो नष्ट केला. गोव्यातील इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, स्थापनाही १५६० मध्ये, त्याच्याच कारकिर्दीतली. पोर्तुगालच्या गादीवर येण्याच्या ८० वर्षे आधी या घराण्याचे नाव कोकण किनाऱ्यावर अशा रीतीने परिचित झालेले होते.

गादीवरील प्रत्यक्ष हक्काचा प्रश्न उभा राहिला तो १५७८ नंतर. तरुण राजा सेबास्तियांव त्या वर्षीच्या ४ ऑगस्टला मोरोक्कोत अल्कासर-किबीरच्या लढाईत मारला गेला. त्याच्यामागून आलेला वृद्ध चुलत आजोबा हेन्रीक हा कार्डिनल, म्हणजे ब्रह्मचारी, आणि तोही जानेवारी १५८० मध्ये वारला. आता मानुएलच्या नातवंडांत वाद सुरू झाला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप हा मानुएलच्या मुलीचा मुलगा होता, तर सहावा ड्यूक जुआंव याची पत्नी कातारीना ही मानुएलचा मुलगा दुआर्ते याची मुलगी. वारसाने आपल्या मृत मातापित्याच्या जागी उभे राहायचे असे मानले, तर कातारीना पुरुषाच्या जागी उभी राहते आणि फिलिप स्त्रीच्या. म्हणून तिचा हक्क श्रेष्ठ, असे कुईंब्राच्या कायदेपंडितांनी प्रतिपादले. तिसरा दावेदार आंतोनियो सामान्य लोकांना प्रिय होता, पण त्याचा जन्म अनौरस ठरवलेला होता. कायद्याने काहीही म्हटले तरी सैन्य फिलिपकडे होते. अल्बाच्या ड्यूकने ऑगस्ट १५८० मध्ये लिस्बनजवळ आंतोनियोची फौज मोडली आणि १५८१ मध्ये तोमार येथील कोर्तेशने फिलिपला राजा मानले. पोर्तुगालचे कायदे, अधिकारी व साम्राज्य वेगळे राहील, असे वचन त्याने दिले.

ब्रागांझा घराणे या वेळी लढले नाही. त्याने मानसन्मान स्वीकारले आणि व्हिला व्हिसोझात जाऊन बसले. या माघारीला काही जण भ्याडपणा म्हणतात, परंतु ज्या घराण्याने शंभर वर्षांपूर्वी आपला प्रमुख वधस्तंभावर पाहिला होता, त्याला राजाच्या विरुद्ध उभे राहण्याचा अर्थ नेमका ठाऊक होता, हे विसरता कामा नये. ड्यूक माद्रिदच्या दरबारात रमले नाहीत आणि स्पेनच्या सेवेत दूरदेशी गेले नाहीत. परिणामी साठ वर्षांनंतर पोर्तुगालच्या भूमीवर राहणारा, देशातला सर्वांत धनाढ्य आणि कायदेशीर हक्क असलेला असा एकच माणूस उरला होता.

दरम्यान जोडराज्याची गोडी संपत गेली. स्पेनचे शत्रू ते आता पोर्तुगालचेही शत्रू झाले. १६२२ मध्ये होर्मुझ गेले, १६३० मध्ये डचांनी ब्राझीलमधील पेर्नांबुको घेतले, आणि १६३६ पासून त्यांचे आरमार दरवर्षी गोव्याच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करू लागले. स्पेनचा प्रधान ओलिव्हारेस याने वाढवलेल्या करांविरुद्ध १६३७ मध्ये एव्होरात दंगा पेटला. जमावाने आठवा ड्यूक जुआंव याच्या नावाचा जयघोष केला, तरीही ड्यूक हलला नाही. जून १६४० मध्ये स्पेनमधील कातालोनिया प्रांताने बंड केले आणि ते मोडण्यासाठी पोर्तुगीज सरदारांनी सैन्यासह यावे असा हुकूम ओलिव्हारेसने काढला, तेव्हा मात्र सरदारांना निर्णय टाळता येईना.

सुमारे चाळीस सरदारांनी कट रचला आणि ड्यूकच्या वतीने त्यांच्याशी बोलणी करणारा मुख्य माणूस म्हणजे त्याचा लिस्बनमधील कारभारी, जुआंव पिंतो रिबेइरो हा कायदेपंडित. ड्यूकने होकार द्यायला बराच वेळ घेतला. त्याची पत्नी लुइझा ही स्पेनमधील मेदिना सिदोनियाच्या ड्यूकची मुलगी होती. जन्मभर डचेस राहण्यापेक्षा एक दिवस राणी होणे बरे, असे बोलून तिनेच त्याला तयार केले अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे. मी या वाक्याला फारसे वजन देत नाही, पण लुइझाच्या धैर्याबद्दल शंका नाही, कारण पुढे तिने स्वतः राज्य चालवून दाखवले. ड्यूकच्या विलंबाचे कारणही समजण्याजोगे आहे. कट फसला असता तर सरदारांची डोकी गेली असती, आणि त्याचे मात्र अडीचशे वर्षांचे घराणेच गेले असते.

शनिवार, १ डिसेंबर १६४० रोजी सकाळी कटवाले लिस्बनच्या राजवाड्यात शिरले. स्पेनचा विश्वासू सचिव मिगेल द व्हास्कोन्सेलोस कपाटात लपलेला सापडला. त्याला गोळ्या घालून प्रेत खिडकीतून खाली टाकण्यात आले. राजाच्या वतीने कारभार पाहणारी मांतुआची डचेस मार्गारेट हिला नजरकैदेत ठेवले. काही तासांत राजधानी त्यांच्या हाती आली. ड्यूक त्या दिवशी व्हिला व्हिसोझातच होता. तो पाच दिवसांनी लिस्बनला पोहोचला आणि १५ डिसेंबरला ‘चौथा जुआंव’ म्हणून त्याची द्वाही फिरली. पुढील महिन्यात भरलेल्या कोर्तेशने दोन गोष्टी नोंदवल्या: १५८० मध्ये हक्क कातारीनाचाच होता, आणि जुलमी राजाला दूर करण्याचा अधिकार राज्याला आहे. पहिला मुद्दा सोयरिकीतून आलेला, दुसरा १३८५ च्या परंपरेतला.

समुद्रापारच्या ठाण्यांनी हा बदल आश्चर्यकारक सहजतेने स्वीकारला. ब्राझीलने १६४१ च्या आरंभी आणि गोव्याने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या राजाचा जयघोष केला. केवळ सेउता हे आफ्रिकेतील ठाणे स्पेनकडे राहिले. घरात मात्र धोका होता. ऑगस्ट १६४१ मध्ये प्रतिकटाच्या आरोपावरून व्हिला रेआलचा मार्क्विस आणि त्याचा मुलगा यांचा शिरच्छेद झाला. राजाचा धाकटा भाऊ दुआर्ते जर्मनीत सम्राटाच्या सैन्यात होता. स्पेनच्या सांगण्यावरून त्याला पकडण्यात आले आणि १६४९ मध्ये तो मिलानच्या किल्ल्यात कैदेतच मरण पावला.

या राजाच्या स्वभावाची मला दिसणारी सर्वांत बोलकी गोष्ट १६४५ मधली आहे. त्या वर्षी त्याने ठरवले की ब्रागांझाची खासगी इस्टेट राज्याच्या संपत्तीत न मिसळता वेगळी राहील आणि ती युवराजाच्या नावे असेल. गादी गेली तरी वाडा व जमिनी राहाव्यात, असा विचार करणारा हा पुरुष मुळात जमीनदार होता. पुढच्या वर्षी त्याने व्हिला व्हिसोझाच्या निष्कलंक मातेला, म्हणजे मेरीला, पोर्तुगालची संरक्षक राणी म्हणून मुकुट अर्पण केला आणि तेव्हापासून पोर्तुगालच्या राजांनी स्वतःच्या मस्तकी मुकुट घातला नाही. संगीताचा तो निस्सीम भोक्ता होता. त्याने जमवलेला संगीतग्रंथांचा संग्रह युरोपातील मोठ्या संग्रहांपैकी एक होता, आणि १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात तो नष्ट झाला.

राज्य जाहीर करणे एका सकाळचे काम होते; ते जगाकडून मान्य करून घ्यायला अठ्ठावीस वर्षे लागली. स्पेनच्या दबावामुळे पोपने चौथ्या जुआंवला राजा मानले नाही, त्यामुळे नवे बिशप नेमले जाईनात आणि बहुतेक पदे रिकामी पडली. डचांनी युरोपात तह केला आणि आशियात लढाई चालू ठेवली; १६५६ मध्ये कोलंबो आणि जानेवारी १६६३ मध्ये कोची गेले. ब्राझीलमध्ये मात्र १६५४ साली डचांना हुसकावण्यात यश आले. १६५६ मध्ये राजा वारला, मुलगा सहावा अफोन्सो अल्पवयीन व प्रकृतीने दुबळा, म्हणून लुइझा कारभार पाहू लागली. तीन वर्षांनी फ्रान्सने स्पेनशी पिरेनीजचा तह केला आणि पोर्तुगालला मदत न करण्याचे वचन दिले. आता स्पेनचे सर्व सैन्य मोकळे झाले होते आणि लुइझाजवळ देण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, एक मुलगी आणि साम्राज्याचे तुकडे.

जून १६६१ चा इंग्लंडशी झालेला तह या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. कॅथरीनचा विवाह दुसऱ्या चार्ल्सशी ठरला आणि तिच्याबरोबर २० लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), मोरोक्कोतील टँजियर आणि मुंबईचे बंदर व बेट देण्याचे कबूल झाले. बदल्यात इंग्लंडने सैन्य व जहाजे पुरवायची आणि पूर्वेकडील पोर्तुगीज ठाण्यांचे डचांपासून रक्षण करायचे, असे ठरले. लिस्बनच्या दृष्टीने मुंबई हे दूरचे, फारसे उत्पन्न नसलेले बेट होते. गोव्यातील विजरई आंतोनियो द मेलो द कास्त्रो याला मात्र त्या बंदराची किंमत कळत होती. ताबा घ्यायला आलेल्या इंग्रजांना त्याने कागदपत्रांतील त्रुटी दाखवून दोन वर्षांहून अधिक काळ झुलवत ठेवले. तोवर कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबलेला इंग्रजांचा प्रमुख सर अब्राहम शिपमन आणि त्याचे बहुतेक सैनिक रोगराईने मेले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी शिपमनचा सचिव हम्फ्री कूक याने मुंबईचा ताबा घेतला. केवळ आज्ञेपोटी हे करतो आहोत आणि इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान हातचा जाईल, असे विजरईने राजाला आधीच लिहून कळवले होते. इतक्या अचूक राजकीय अंदाजाची उदाहरणे त्या शतकात थोडीच सापडतील.

तरीही लुइझाचा व्यवहार फसला असे मी म्हणणार नाही. इंग्रज तुकड्या आणि जर्मन सेनानी शॉमबर्ग यांच्या साहाय्याने पोर्तुगीज सैन्याने १६६३ मध्ये आमेशियाल आणि १७ जून १६६५ रोजी मोंतेश क्लारोश येथे स्पेनला निर्णायक पराभव दिला. १३ फेब्रुवारी १६६८ च्या लिस्बनच्या तहाने स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य आणि ब्रागांझा घराण्याचे राजेपण मान्य केले. सेउता तेवढे स्पेनकडे ठेवले. त्यानंतर पोपचीही मान्यता आली. ज्याच्या नावाने हे विजय मिळाले तो सहावा अफोन्सो तोवर धाकट्या भावाने, पेद्रोने, बाजूला सारलेला होता. त्याचे राज्यच नव्हे, तर पत्नीही पेद्रोकडे गेली. मात्र घराण्याची गादी त्यामुळे डळमळली नाही, आणि १९१० मध्ये प्रजासत्ताक येईपर्यंत पोर्तुगालवर याच वंशाचे राज्य राहिले. मुंबई बेट चार्ल्सने त्याच १६६८ च्या मार्चमध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. कॅथरीन वैधव्यात पोर्तुगालला परतली आणि १७०४-०५ मध्ये आईप्रमाणेच तिनेही काही काळ राज्यकारभार सांभाळला.

राहिला आडनावाचा प्रश्न. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यात जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी सामान्यतः धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे पोर्तुगीज आडनाव मिळत असे, आणि बडे अधिकारी अशा प्रसंगी धर्मपिता म्हणून उभे राहत. त्यामुळे गोव्यातील ब्रागांझा हे आडनाव साधारणपणे या प्रथेतून आले असे समजावे. त्यावरून राजघराण्याशी रक्ताचे नाते काढू नये. सासष्टीतील चांदर येथील मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाचा भव्य वाडा पाहणाऱ्यांचा असा समज होतो, पण त्या कुटुंबातील सर्वांत ख्यातनाम पुरुष, पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८), हे पोर्तुगीज वसाहतवादाचे कठोर टीकाकार होते आणि पणजीतील साहित्य-संस्कृतीची संस्था आज त्यांच्याच नावाने चालते.